आगगाडीचीं थट्टेचीं गाणीं व त्यांचा कालनिर्णय

मराठवाड्यांतील जुनीं बाडें चाळतांना संशोधकाची दृष्टि सहजच सनदा, महजर, वंशावळी, अभंग व वतनाच्या तक्रारी यांच्याकडे वळते, आणि तें योग्यहि आहे. परंतु याच बाडांच्या शेवटीं कोऱ्या राहिलेल्या पानांवर, पुष्कळदां निराळ्या शाईनें आणि निराळ्या हातानें, कोणी तरी एखादें थट्टेचें गाणें उतरून ठेवलेलें असतें. त्याच्या शेजारीं खोकल्याच्या काढ्याची कृति असते, उधारीचे चार आंकडे असतात, एखाद्या पोरानें गिरवलेलीं अक्षरें असतात. संग्राहक अशीं पानें 'किरकोळ' या सदराखालीं टाकतो. विक्रेता तर बाड नीटनेटकें दिसावें म्हणून तीं फाडूनहि काढतो. ज्या गाण्यांत आगगाडी येते त्यांच्यावर याहून निराळें संकट अलीकडे ओढवलें आहे. वाफेचीं एंजिनें नाहींशीं झाल्यापासून त्या काळाविषयीं लोकांच्या मनांत मोठी हळहळ उत्पन्न झाली आहे, आणि त्या भरांत आगगाडीचें प्रत्येक गाणें 'पहिल्या गाडीच्या वेळचें' म्हणून दाखविलें जातें. प्रस्तुत लेखांत अशा गाण्याचा काळ त्याच्या अंतर्गत पुराव्यावरून कसा ठरवावा, याचें विवेचन करण्याचें योजिलें आहे. उदाहरणाकरितां आम्हीं अर्धापूर व त्याच्या भोंवतालचा प्रदेश डोळ्यांपुढें ठेवला आहे.

अर्धापूर हें नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील गांव. केशवराजाची मूर्ति आणि मध्ययुगीन कोरीव लेख यांमुळें तें आमच्या वाचकांस परिचित आहेच. निजामी राज्यांत जी आगगाडी गोदावरीच्या खोऱ्यांतून गेली तिचें स्टेशन अर्धापुरास आलें नाहीं. गाडी गांठावयाची तर बैलगाडींत बसून नांदेडास जावें, अथवा पुढें हिंगोलीचा फांटा झाल्यावर वसमतास जावें. अशा गांवास आगगाडी ही रोजची गोष्ट नसते. ती जत्रेची, खटल्याची किंवा वऱ्हाडाची गोष्ट असते. थट्टेचें गाणें व्हावयास एवढें अंतर पुरतें.

विलायतेंतील अशाच गाण्यांचा इतिहास येथें थोडासा पाहणें उपयोगी आहे, कारण तेथें गाणीं छापून विकलीं जात असल्यामुळें त्यांचा कालक्रम उघड आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लंडनांतील 'म्यूझिक हॉल' नांवाच्या करमणुकीच्या गृहांत विनोदी गाणीं म्हणणारांचा मोठा वर्ग निर्माण झाला. मारी लॉइड (१८७०–१९२२) ही त्यांतील अग्रगण्य गायिका. तिच्या तोंडीं गाजलेलें 'ओ मिस्टर पोर्टर' हें गाणें १८९२च्या सुमाराचें. बर्मिंगहॅमास उतरावयाचें असतां क्रू या जंक्शनापर्यंत वाहून नेली जात असलेली एक तरुणी स्टेशनावरील हमालाकडे गाऱ्हाणें करते, एवढाच त्याचा विषय. त्यांत आगगाडीविषयीं प्रेमाचा लवलेश नाहीं. गोंधळलेली उतारू आणि तिला गोंधळांत पाडणारी गाडी, दोहोंचीहि चेष्टा आहे. याच्या उलट फ्लँडर्स आणि स्वॉन या विनोदी गाणाऱ्या जोडीचें 'स्लो ट्रेन' हें गाणें पाहावें. १९६३च्या मार्चमध्यें डॉ. बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यांत ब्रिटनमधील दोन हजारांहून अधिक स्टेशनें बंद करण्याची सूचना होती. त्याच वर्षींच्या या गाण्यांत विनोद जवळजवळ नाहींच. बंद होऊं घातलेल्या स्टेशनांच्या नांवांची ती एक संथ यादी आहे. मौज अशी कीं त्या यादींतील फॉर्मबी व चेस्टर-ल-स्ट्रीट हीं स्टेशनें पुढें बंद झालींच नाहींत. तेथें आजहि गाड्या थांबतात. तेव्हां अमुक स्टेशन केव्हां बंद झालें हें त्या गाण्यावरून ठरवूं जाणारा फसेल; पण १९६३ सालीं लोकांस कशाची धास्ती वाटत होती, याचा तो अस्सल पुरावा आहे. गाडी भर चालू असतां थट्टा आणि ती जाऊं लागली म्हणजे विलाप, हा भेद आपल्याकडील गाण्यांसहि मोठ्या प्रमाणांत लागू पडतो, असें आमचें मत आहे.

आपल्याकडील या प्रकारचें सर्वांत प्रसिद्ध पद्य म्हणजे बैलांवांचून गाडी चालविणाऱ्या साहेबाच्या पोराच्या अकलेची वाखाणणी करणारी दोन चरणांची लोकोक्ति. ती महाराष्ट्रांत पाठभेदांसह चालते आणि तिचा संबंध नेहमीं १६ एप्रिल १८५३ या दिवसाशीं जोडतात. त्या दिवशीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. चौदा डबे, सुमारें चारशें पाहुणे, आणि साहेब, सिंध व सुलतान या नांवांचीं तीन एंजिनें. लोक एंजिनास 'चाक्या म्हसोबा' म्हणत, अशीहि आख्यायिका त्याच वेळची म्हणून सांगतात. हा संबंध संभवनीय आहे. परंतु त्या दोन चरणांत ठाण्याचें नांव नाहीं, सालाचा निर्देश नाहीं, धुराचाहि नाहीं. आहे तो फक्त बैल नसल्याचा. ज्याची वाहनाची कल्पना बैलगाडीपलीकडे गेलेली नाहीं, अशा मनुष्यास गाडी प्रथम दिसली तेव्हां हा उद्गार निघाला, इतकेंच त्यावरून सिद्ध होतें. असा मनुष्य ठाण्यास १८५३ सालीं होता आणि नांदेडास १९००च्या सुमारासहि होता. मोटार प्रथम पाहणारासहि हेंच म्हणतां येईल. म्हणून नांदेडकडील बाडांत ही लोकोक्ति आढळली तर ती मुंबईकडून आलेली कीं गोदावरीकांठीं गाडी आल्यावर उतरलेली, याचा निर्णय तिच्या शब्दांवरून व्हावयाचा नाहीं. तो झालाच तर मागल्यापुढल्या पानांवरून होईल; आणि नेमकीं तींच पानें फाडलीं जातात.

कालनिर्णयाच्या कामीं दोन मर्यादा निरनिराळ्या ठेवाव्या लागतात. गाण्यांत अमुक वस्तु आली म्हणजे तें गाणें त्या वस्तूच्या उत्पत्तीपूर्वींचें नव्हे, ही पूर्वमर्यादा. ती बहुधा पक्की असते. अमुक वस्तु पुढें नाहींशी झाली म्हणून गाणें त्यापूर्वींचें, ही उत्तरमर्यादा; ती नेहमीं कच्ची असते, कारण लोकांच्या तोंडीं जुनीं नांवें मालक गेल्यावरहि राहतात. गोदावरी खोऱ्यांतील गाडी प्रथम कंपनीची होती. १९३० सालीं ती निजाम सरकारनें आपल्या ताब्यांत घेतली. १९५१ सालीं ती मध्य रेल्वेंत व १९६६ सालीं दक्षिण-मध्य रेल्वेंत गेली. पण 'निजामाची गाडी' हे शब्द आले म्हणून गाणें १९४८च्या आधींचेंच, असें म्हणतां येत नाहीं.

आतां मार्गांचा विचार करूं. हैदराबाद संस्थानांत आगगाडी प्रथम १८७४ सालीं आली. वाडी ते सिकंदराबाद असा तो रुंद मार्ग होता व नांदेडकडील लोकांस त्याचा उपयोग थोडाच होता. या भागाची खरी गाडी म्हणजे हैदराबाद-गोदावरी खोरें रेल्वे. ती १८९९ ते १९०१ या काळांत खुली झाली. मनमाड, औरंगाबाद (सांप्रतचें छत्रपति संभाजीनगर), जालना, परभणी, पूर्णा, नांदेड, मुदखेड, धर्माबाद, बासर व तेथून पुढें सिकंदराबाद असा तिचा ३९१ मैलांचा मार्ग. रुळांमधील अंतर एक मीटर. पूर्णेहून वसमतावरून हिंगोलीस जाणारा फांटा १९१२ सालीं झाला. तेव्हां अर्धापूरकर वऱ्हाड नांदेडास गाडींत चढतें असें गाणें असेल तर तें १९००च्या आसपासचें किंवा नंतरचें. वसमतास चढत असेल तर १९१२च्या अलीकडचें. हीं दोन सालें आमच्या संग्राहकांनीं तोंडपाठ करून ठेवावींत.

लातूरकडील बाडांस निराळा मार्ग लावावा लागतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या एंजिनिअरनें योजिलेली बार्शी लाईट रेल्वे ही अवघी अडीच फूट रुंदीची. ती कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत १८९७ सालीं, पंढरपुरास १९०६ सालीं आणि लातुरास १९११ सालीं पोंचली; पुढें १९२७ सालीं मिरजेस भिडली. पंढरीच्या वाटेवर आगगाडी आल्याचा उल्लेख बायकांच्या जात्यावरील ओव्यांत येतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनीं खेडोपाडीं हिंडून अशा ओव्यांचा एक लाखाहून मोठा संग्रह केला आहे. बाडांत सांपडलेली ओवी त्याच्याशीं ताडून पाहिल्यावांचून तिला दुर्मिळ म्हणूं नये. लातूरची बाई गाडींत बसून विठोबास जाते असें असेल तर तें १९११च्या पूर्वींचें असूं शकत नाहीं. या छोट्या गाडीच्या मंद चालीची थट्टा मात्र शेवटपर्यंत होत राहिली, म्हणून त्या थट्टेस कालदृष्ट्या कांहींच किंमत नाहीं. हा मार्ग रुंद करण्याचें काम लातुरापर्यंत २००८च्या सुमारास पुरें झालें.

रुळांच्या रुंदीवरून निघणारा एक पुरावा आम्हांस फार उपयोगी वाटतो. नांदेडची गाडी मीटर रुंदीची व मनमाडाहून मुंबईस जाणारी साडेपांच फुटी, त्यामुळें मुंबईकरांस मनमाडास उतरून, गांठोडीं डोक्यावर घेऊन, पोरें मोजून दुसऱ्या गाडींत चढावें लागे. थट्टेच्या गाण्यास याहून चांगला प्रसंग कोणता? हरवलेला नवरा, बदललेलें गांठोडें, भलत्याच गाडींत जाऊन बसलेली सासू, हे सर्व प्रकार येथेंच घडावयाचे. मारी लॉइडच्या गाण्यांतील क्रूचें जें स्थान, तेंच आमच्या गाण्यांत मनमाडाचें. ही अदलाबदल १९९०नंतर रूळ रुंद होईपर्यंत चालू होती. म्हणजे मनमाडास उतरण्याचा उल्लेख गाण्याला १९०० ते १९९०च्या पुढेंमागें अशा नव्वद वर्षांच्या मोठ्या चौकटींत बसवितो. यापेक्षां बारीक निर्णयास इतर साधनें लागतात.

त्यांतील पहिलें साधन नाणें. हैदराबाद संस्थानांत 'हाली शिक्का' आणि ब्रिटिश 'कलदार' हे दोन रुपये एकाच वेळीं चालत. शंभर कलदारांस सुमारें एकशें सोळा हाली द्यावे लागत. या वटावावरून होणारी बाचाबाची हा विनोदाचा एक हुकमी विषय होता. चारमिनाराचें चित्र असलेला हाली रुपया १९०४च्या सुमारास निघाला, म्हणून चारमिनाराचा रुपया येणारें गाणें त्याआधींचें नव्हे. हाली नाण्याची कायदेशीर चलनांतून उचल १९५३पासून झाली. आणे व पै यांचा व्यवहार १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान पद्धति आल्यावर मागें पडला. 'नवे पैसे' हे शब्द तर १९५७ ते १९६४ या सात वर्षांचेच. पण येथेंहि वर सांगितलेली सावधगिरी हवी: आण्यांचा हिशेब म्हाताऱ्यांच्या तोंडीं पुढें पुष्कळ वर्षें होता.

दुसरें साधन मितीचें. नांदेड भागांतील बाडांत शके, फसली व इसवी अशा तीन तऱ्हांच्या मित्या भेटतात. शकांत ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो, हें सर्वांस ठाऊक आहे. हैदराबादचें सरकारी फसली वर्ष ऑक्टोबराच्या आरंभीं सुरू होई व त्याचे महिने आजुर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहेश्त, खुर्दाद, तीर, अमर्दाद, शहरेवर, मेहेर, आबान या इराणी नांवांचे असत. आजुर, दै व बहुतेक बहमन यांस ५९० मिळवावेत. पुढील महिन्यांस ५९१. 'दै १३२२ फसली' असें कोणी गाण्याखालीं लिहिलें असेल तर तो काळ १९१२च्या नोव्हेंबर-डिसेंबराचा. वसमतची गाडी नुकती सुरू झाल्याचें तें वर्ष. मृगापासून सुरू होणारें फसली वर्ष मुंबई इलाख्याकडील मराठी कागदांत येतें, त्याच्याशीं याची गल्लत होऊं देऊं नये. मृगसालाचे महिने ज्येष्ठ-आषाढ असे मराठी, आणि हैदराबादचे इराणी, एवढी खूण पुरेशी आहे.

घड्याळाचा पुरावा मजेचा आहे. १९०६च्या पूर्वीं हिंदुस्थानांतील बहुतेक रेल्वे मद्रासच्या घड्याळावर चालत. १ जानेवारी १९०६ पासून सध्यांची प्रमाणवेळ आली. नांदेडची सूर्यावरून येणारी वेळ मद्रासहून सुमारें बारा मिनिटांनीं मागें आणि प्रमाणवेळेहून सुमारें एकवीस मिनिटांनीं मागें पडते. सावलीवरून वेळ ओळखणारा शेतकरी 'बारा वाजतां' सुटणारी गाडी गांठण्यास सावली पायाखालीं येतांच स्टेशनावर पोंचला, तर गाडी केव्हांच निघून गेलेली असावयाची. साहेबाचें घड्याळ सूर्यापुढें धांवतें, अशा आशयाची थट्टा कोठें आढळली तर ती निव्वळ अतिशयोक्ति समजून सोडूं नये. तिच्या बुडाशीं बारा किंवा एकवीस मिनिटांचें गणित आहे. मात्र तेवढ्यावरून गाणें १९०६च्या आधींचें कीं नंतरचें, हें सांगतां येत नाहीं.

स्टेशनांच्या नांवांत एकच ठिकाण विशेष फसवें आहे. सांप्रत ज्यास निजामाबाद म्हणतात त्याचें जुनें नांव इंदूर. नवें नांव १९०५च्या सुमारास रूढ झालें. नांदेडच्या बाडांत "इंदूरची गाडी" आली कीं वाचक माळव्याची वाट धरतो, आणि मग त्या गाण्यास होळकरशाहीशीं जोडण्याचा मोह होतो. नांदेडाहून पूर्वेस निघालेली गाडी बासरावरून जात असेल तर तें इंदूर तेलंगणांतलें. उलट नांव 'निजामाबाद' असेल तर गाणें विसाव्या शतकाच्या पहिल्या पांच वर्षांच्या अलीकडचें. 'तिसरा वर्ग' हेहि शब्द लक्षांत ठेवण्याजोगे. हा वर्ग १९७४ सालीं नांवापुरता काढून टाकण्यांत आला. गर्दी मात्र जशीच्या तशी राहिली.

या सर्वांहून बळकट, आणि आमच्या संग्राहकांकडून सर्वांत अधिक दुर्लक्षिलेला पुरावा म्हणजे गाण्याच्या डोक्यावरील 'चाल'. थट्टेचें गाणें स्वतःची चाल क्वचितच घेऊन येतें; गाजत असलेल्या एखाद्या पदाची चाल उसनी घेऊन त्यावर नवे शब्द बसविणें हाच त्याचा धर्म. गंभीर चालीवर हलका विषय आला कीं ऐकणारा अर्धें आधींच हंसतो. म्हणून उतरून घेणारा मथळ्यावर 'चाल' लिहून पुढें मूळ पदाचे पहिले दोन-तीन शब्द देतो. ते शब्द कोणत्या नाटकांतील पदाचे, हें हुडकलें म्हणजे पूर्वमर्यादा हातीं आली. 'सौभद्र' १८८२चें, 'शारदा' १८९९चें, 'मानापमान' १९११चें, 'स्वयंवर' १९१६चें, 'एकच प्याला' १९१९चें. 'मानापमाना'तील पदाच्या चालीवर मनमाडच्या गोंधळाचें गाणें असेल तर तें १९११च्या अलीकडचें, मग कागद कितीहि जुना असो. उत्तरमर्यादाहि येथें बरीच विश्वसनीय असते, कारण श्रोत्यांस मूळ पद ठाऊक नसेल तर विडंबनाची गंमतच जाते. चाल विसरली गेली कीं गाणेंहि मरतें. दोन अपवाद सांगितले पाहिजेत. मथळ्यावर नुसतें 'साकी', 'दिंडी' किंवा 'लावणी' असेल तर त्यावरून कांहींच ठरत नाहीं, कारण हे प्रकार नाटकांच्या आधींपासूनचे आहेत. तसेंच किर्लोस्करादि नाटककारांनीं स्वतःच लोकांतील जुन्या चाली उचलल्या आहेत. तेव्हां मथळ्यांत नाटकाच्या पदाऐवजीं त्यामागील मूळ लावणीचे शब्द असतील तर नाटकाचें साल लावूं नये. चालीच्या या ओळी संग्राहकांच्या नकलांत सर्रास गाळलेल्या दिसतात. गाण्याचे शब्द तेवढे सुवाच्य लिहून घ्यावयाचे आणि मथळा 'निरर्थक' म्हणून सोडावयाचा, ही शिलालेखाची मिती सोडून प्रशस्ति उतरण्यासारखी रीत आहे.

तबकड्यांवरून उतरलेल्या गाण्यांविषयीं एक सूचना. हिंदुस्थानांत ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठीं ध्वनिमुद्रण १९०२ सालीं कलकत्त्यांत सुरू झालें. प्रारंभीं त्या तबकड्या जर्मनींत हानोव्हर येथें तयार होत. तेथील कारागिरांस गायक कोण हें कळावें म्हणून गाणें संपतांच गायक आपलें नांव मोठ्यानें उच्चारी. कलकत्त्यास १९०८ सालीं कारखाना निघाल्यावर ही प्रथा हळूहळू बंद पडली. तबकडी ऐकून गाणें उतरणारानें शेवटचें नांवहि उतरलें असल्यास, आपल्या पद्धतीप्रमाणें ती कवीची नाममुद्रा वाटण्याचा पूर्ण संभव आहे. लावणींत शाहीर आपलें नांव शेवटच्या चरणांत छंदांत गोंवतो. तबकडींतील नांव छंदाबाहेर असतें. एवढ्या भेदावरून दोन्ही ओळखावींत.

भजनी मंडळांत आगगाडीचें रूपक करण्याची चाल आहे: देह ही गाडी, श्वास ही वाफ, नाम हें तिकीट, आणि शेवटच्या स्टेशनावर तिकीट पाहणारा यम. हें भारुडाच्या जुन्या परंपरेंतलेंच होय. हंसूं येतें पण हेतु गंभीर असतो, म्हणून अशा पदांस थट्टेच्या गाण्यांत घालूं नये. कालदृष्ट्या हीं फार लवचिक असतात. ज्या काळांत म्हटलीं जातात त्या काळच्या सोयी त्यांत शिरतात.

आतां हळहळीच्या गाण्यांकडे वळूं. हिंदुस्थानांत वाफेचीं एंजिनें बांधणें १९७२ सालीं थांबलें व नेहमींच्या गाड्यांवरून तीं विसाव्या शतकाच्या अखेरीस नाहींशीं झालीं. नांदेडच्या मीटर मार्गाचें रुंदीकरण १९९०नंतर झालें. पूर्णेहून अकोल्याकडे जाणारा मीटर मार्ग २००८पर्यंत टिकला. पूर्णा हें एंजिनांच्या शेडचें गांव. तेथील म्हातारीं माणसें शिटीच्या आवाजावरून गाडी ओळखण्याच्या गोष्टी सांगतात, तेव्हां ऐकणाराचेंहि मन भरून येतें. त्या भावनेस आमचा आक्षेप नाहीं. परंतु ती भावना ज्या गाण्यांत आहे तें गाणें वाफेच्या भर काळांतलें असण्याचा संभव कमी, हें संग्राहकानें विसरूं नये. त्या काळच्या उतारूस कोळशाचा कण डोळ्यांत गेल्याचें दुःख होतें, धोतरास जळून भोंकें पडल्याचें दुःख होतें. धूर गेला याचें दुःख व्हावयास धूर आधीं जावा लागतो.

येथें एक शब्दांची कसोटी आम्ही सुचवितों. सर्वच एंजिनें कोळशाचीं होतीं तोंपर्यंत 'कोळशाचें एंजिन' असें कोणी म्हणत नसे. नुसतें 'एंजिन' म्हणत. विशेषण लागतें तें दुसरी जात शेजारीं येऊन उभी राहिल्यावर. म्हणून 'कोळशाची गाडी' किंवा 'वाफेचें एंजिन' हे शब्द कौतुकानें आले असतील तर गाणें डिझेल एंजिनें आल्यानंतरचें समजण्यास हरकत नाहीं. हीच कसोटी 'छोटी लाईन' या शब्दास मात्र लावतां येत नाहीं. मनमाडास मोठी लाईन पहिल्या दिवसापासून शेजारींच होती. तसेंच 'झुकझुक' हा ध्वनि. ग. दि. माडगूळकर यांच्या चित्रपटगीतानें मामाच्या गांवाला जाणारी आगीनगाडी आणि हा ध्वनि यांची सांगड मराठी मनांत इतकी पक्की केली आहे कीं, पुढील काळांत रचलेल्या बालगीतांत ती आपोआप येते. ध्वनिवाचक शब्द त्यापूर्वींहि असूं शकतो, म्हणून केवळ 'झुकझुक' वरून गाणें अलीकडचें ठरवूं नये. पण मामा, सुट्टी आणि झुकझुक हीं तिन्ही एकत्र आलीं तर आम्ही तें पान जुन्याच्या फडताळांत ठेवणार नाहीं.

कागदावरून निर्णय करणारांस एक इशारा पुरे. जुन्या बाडांतील कोरें पान पन्नास-साठ वर्षें तसेंच राहूं शकतें. कागद शके १८२०चा आणि गाणें शके १८८०चें, यांत विपरीत कांहीं नाहीं. शाई, टांक कीं टोंकदार लेखणी, मोडी कीं बाळबोध, हें पाहावेंच. पण मोडीवरून फार पुढें जाऊं नये, कारण मराठवाड्यांतील घरगुती टिपणांत मोडी लिहिणारे हात विसाव्या शतकांतहि होते.

म्हणून अर्धापूर, वसमत, मुदखेड या बाजूच्या घरांतून बाड हातीं आल्यास संग्राहकांनीं तें आहे त्या क्रमानें ठेवावें, मागचीं पानें फाडूं नयेत, आणि गाण्याची नक्कल करतांना मथळा, चाल, शेवटची ओळ व शेजारचा हिशेब हीं सर्व जशींच्या तशीं घ्यावींत. 'टेसन', 'इष्टेशन', 'तिकिट' अशीं रूपें सुधारूं नयेत. घरांत कोणी चाल म्हणून दाखविणारें असेल तर ती त्याच बैठकींत ध्वनिमुद्रित करावी, कारण शब्द कागदावर थांबतील, चाल थांबणार नाहीं. आणखी एक वस्तु अशा बाडांत अधूनमधून निघूं शकते: पुठ्ठ्याचें लहान तिकीट. एडमंडसन यांच्या पद्धतीचीं हीं तिकिटें संगणक येईपर्यंत आपल्याकडे सर्वत्र चालत. त्यांवर दोन स्टेशनांचीं नांवें, वर्ग व भाडें छापलेलें असे आणि तारीख यंत्रानें उठविलेली असे. असें तिकीट कोणीं तरी खूण म्हणून पानांत घातलेलें असतें. तें काढून वेगळ्या पाकिटांत नीट ठेवण्याची घाई करूं नये. तें कोणत्या दोन पानांच्या मध्यें होतें, त्याची कोणती बाजू वर होती आणि त्याचा डाग कोणत्या पानावर उतरला आहे, हें आधीं लिहून घ्यावें व मग त्यास हात लावावा.